टीचभर जागेचा नकाशा

रुंदी साडेचार मीटर, खोली एकोणीस.
डावीकडे कुलपांचं दुकान,
उजवीकडे ग्रॅनाइटची तिमजली भिंत,
मध्ये पोर्तोच्या जबड्यातला हा पडलेला दात.
घर जळालं त्याला बारा वर्षं झाली.
तेव्हापासून इथे मांजरं, माजलेली बडीशेप
आणि नदीवरून चढ चढून दमलेला वारा.

एर्मिनियु फ्रेमवाला.
चाळीस वर्षं त्यानं लोकांची चित्रं चौकटीत बसवली.
ज्यांच्याकडे मजुरी नव्हती ते चित्रच ठेवून गेले.
अशी दोनशे सहा साठली:
पलंगाखाली, पोटमाळ्यावर, एक तर न्हाणीघरात.
"यांना भिंत बांधून दे," म्हणाला,
"मी काय, मावतो कुठेही."

पहिला नकाशा मी अधाशासारखा काढला.
या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, तसूभर न सोडता.
वर उत्तरेकडे तोंड केलेली काच,
कारण उत्तरेचा उजेड शांत,
कुणाची बाजू न घेणारा.
एर्मिनियुनं चष्मा पुसून सगळी चित्रं मोजली.
बसत होती. दोनशे सहाच्या दोनशे सहा.

मग जागेवर गेले.
नकाशात उजवी भिंत सलग होती.
भिंतीत खिडकी होती.

वकील म्हणाला, कागदावर नाही ती,
बुजवा खुशाल.
कागदावर नसलेल्या खिडकीत
सोललेल्या बटाट्यांचं पातेलं होतं,
आणि पातेल्यामागे एक बाई, नुकती उठलेली,
दुपारी साडेतीनला.

अदोझिंदा रात्रभर ट्रामच्या डेपोत काचा धुते.
तिची सकाळ पश्चिमेकडून येते.
मला आतून माप घ्यायचं होतं,
फितीचं दुसरं टोक धरायला कुणी नव्हतं,
तिनं धरलं. ओल्या हातानं.
"किती?"
"साठ बाय नव्वद."
"मग तुमच्याकडे एवढ्यात किती चित्रं लागतील?"
खोचून नव्हती विचारत.
खरंच हिशेब करत होती.
मी फीत गुंडाळायला जरा जास्तच वेळ लावला.

तेल्मुनं पुठ्ठ्याचं घर केलं,
टेबलावरचा दिवा हातात घेऊन सूर्य झाला,
आणि मी कटरनं मधोमध एक चौक कापला,
तीन मीटर लांब, वरून उघडा.
"थांबा," तेल्मु म्हणाला, हात हलवू नका म्हणाला,
हलवत तर तोच होता.
कवडसा शेजारच्या भिंतीवर आपटला,
तिथून वळून आमच्या खोलीत आला,
मऊ होऊन,
एखाद्या घरी जाऊन चहा पिऊन आल्यासारखा.
उत्तरेच्या काचेतून असला उजेड
मला उभ्या जन्मात काढता आला नसता.

आता एकशे पंच्याण्णवच बसतात.
एर्मिनियु दोन दिवस बोलला नाही.
तिसऱ्या दिवशी अकरा चित्रं बाजूला काढून आला,
"ही तशीही सुमारच होती."
आठवड्यानं त्यातली दोन परत नेली,
जिन्याखाली कोनाडे काढ म्हणाला,
आणि कोनाड्यांवरून आम्ही जे भांडलो
ते अजून मिटलेलं नाही.

नगरपालिकेच्या अर्जात एक रकाना आहे:
चौकाचं उपयुक्त क्षेत्रफळ.
तिथे शून्य लिहायचं असतं.
लिहिलं.

काल इंजिनिअरचा फोन आला.
पत्रक सतरा, तपशील चार,
चौकाच्या आपल्या बाजूच्या भिंतीत,
तिच्या खिडकीच्या बरोबर समोर,
एक पितळी हूक दाखवलाय.
चूक आहे का? चित्रं तर आत लागणार.
चूक नाही, म्हटलं.
मग भार किती धरू?

दोन चादरी, मी म्हटलं.
ओल्या.